साहेबांचं लॉगिन, माझा प्रोग्राम

मी माणसं लवकर विसरत नाही. ज्यांनी चांगलं केलं ती एखाद वेळी विसरतेही, पण ज्यांनी वाईट केलं त्यांचे चेहरे, शर्ट, चष्म्याच्या काड्या, सगळं माझ्याकडे नीट घडी घालून ठेवलेलं असतं. आई म्हणते, "एवढा राग पोटात ठेवून जेवान कसा पचता गो तुला?" मला व्यवस्थित पचतं.

ही गोष्ट ज्याची, त्याला मी तोंडावर 'सर' म्हणायचे, माघारी 'साहेब'. आमच्या ऑफिसचा तो नेटवर्क प्रमुख. संगणक, मेल, इंटरनेट, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. इथे मात्र मी त्याला अरे-तुरेच करणार आहे, कारण इथे मला अडवायला तो नाही.

आमचं ऑफिस कळंबोलीत, जिथे ट्रेलर रांगेने उभे असतात त्या रस्त्यालगत. कंटेनर बंदरात न्यायचा तर त्याचे कागद आधी बंदराच्या सर्व्हरवर जावे लागतात. मग गेटपास येतो, तो ड्रायव्हरच्या मोबाइलवर पडतो आणि गाडी हलते. आम्ही हे सगळं हाताने करायचो. साइट उघडा, भरा, कागद जोडा, पाठवा, आणि मध्येच लाइन तुटली की पहिल्यापासून. माझा धाकटा भाऊ स्वतःचा ट्रेलर चालवतो. एका गेटपाससाठी तो रस्त्याच्या कडेला सकाळपासून बसून राहिलेला मी अनेकदा पाहिला होता, आणि तो पास काढणाऱ्या टेबलावर मीच असायचे. या गोष्टीची मला चीड यायची.

म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. मला कोणी सांगितलं नव्हतं. करंजाड्याच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, रविवारी रविवारी बसून. प्रोग्राम कागद उचलायचा, बंदराकडे पाठवायचा, पास आणायचा, ड्रायव्हरला धाडायचा. बंदराची लाइन सारखी तुटायची, म्हणून मी त्याला हट्टी बनवला होता. नाही जमलं तर लगेच पुन्हा जा. तरी नाही जमलं तर पुन्हा. ज्या दिवशी तो ऑफिसात चालू केला, त्या दिवशी दुपारी पास काढायच्या टेबलावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. माझ्या आयुष्यात मी एकटीने, माझ्या डोक्याने केलेली ती पहिली गोष्ट होती.

एक अडचण होती. आमच्या ऑफिसातून इंटरनेटवर जाणारी प्रत्येक गोष्ट प्रॉक्सीतून जाते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा सगळ्यांना थांबवून 'नाव काय, कुणाकडे' विचारतो, तसाच हा प्रॉक्सी. माणूस असो वा प्रोग्राम, तो आधी लॉगिन आणि पासवर्ड मागतो. नाही दिलं, चुकीचं दिलं, तर 'चारशे सात' एवढा आकडा तोंडावर मारून परत पाठवतो. बरोबर दिलं तर बाहेर सोडतो आणि आपल्याकडे नोंद करतो की अमक्याच्या नावाने अमकं गेलं. माझा प्रोग्राम माझ्या लॉगिनने बाहेर जायचा. प्रोग्रामला स्वतःचं वेगळं खातं द्या, असं मी साहेबाला दोनदा म्हटलं होतं. "प्रोग्रामला कसलं आलंय खातं? आधार कार्ड आहे का त्याच्याकडे?" असं म्हणून तो स्वतःच हसला होता.

मग दसरा आला. आमच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा दसऱ्यालाच उरकतात. कीबोर्डांना हळदकुंकू, मॉनिटरवर झेंडूच्या माळा, प्रिंटरवर आपट्याचं पान. त्या वर्षी शेठ स्वतः आले होते. शेठ म्हणजे आमचे मालक, उरणकडचे, मिठागरं गेल्यावर ट्रेलर घेतलेल्या घरातले. बोलायला साधे, पण आवाज असा की पार्किंगमध्ये ऐकू जावा. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की आता पास आपोआप निघतात. ते म्हणाले, ज्याने हे केलं त्याचा सत्कार करायचा. शाल आणली, श्रीफळ आणलं. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. मी केसांतला गजरा जरा पुढे घेतला, हेही सांगून टाकते.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात तबक दिलं. सत्काराचं तबक धरायला बाई लागते आणि मी समोर उभी होते. तबकात शाल, नारळ, गुलाबाचं फूल. आणि शेठनी साहेबाचं नाव पुकारलं.

तो पुढे आला. शेठनी माझ्या हातातल्या तबकातली शाल उचलून त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "टीमचं सहकार्य होतंच. टायपिंग वगैरे या लोकांनी खूप केलं." या लोकांनी म्हणताना त्याने माझ्याकडे मान वळवली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला टाळी वाजवता आली नाही, कारण हातात तबक होतं. पुढे खूप दिवस मला त्या एका गोष्टीचं समाधान वाटायचं.

घरी आल्यावर मी रडले, पण रागाने. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. आमचं शेत नव्या शहरासाठी गेलं, तिथे आता सेक्टर आहे, त्याला नंबर आहे, आणि त्या जमिनीवर कोण राबत होतं हे तिथल्या फलकावर कुठेही नाही. त्यामुळे आमच्या घरात अशा रडण्याची समजूत काढत नाहीत. भाऊ फक्त म्हणाला, "नाव सांग त्याचा. मी नि पोरा जातो." मी म्हटलं, कुठे जायचं नाही. माझं मी बघेन.

सत्काराने त्याचं पोट भरलं नाही. शेठना मोबाइलवर बघायचं होतं की दिवसभरात किती पास गेले. त्या नोंदीत प्रत्येक पाससमोर लॉगिनचं नाव यायचं, आणि ते माझं होतं. साहेब लगेच सर्व्हर रूममध्ये आला, मला खुर्चीवरून उठवलं आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये माझं लॉगिन खोडून स्वतःचं लॉगिन आणि पासवर्ड टाकला. मी बाजूला उभी होते. तरीही मी सांगितलं. मला आठवतंय, अगदी नीट, कामाच्या आवाजात सांगितलं. "सर, तुमचा पासवर्ड बदलला की प्रोग्राम जुनाच देत राहील. वेगळं खातं करा ना."

"तू मला नेटवर्क शिकवणार?" तो म्हणाला. दारात दोघं-तिघं उभे होते, ते हसले. संध्याकाळी त्याने सगळ्यांना मेल केला की हा प्रोग्राम आता नेटवर्क विभागाकडे आहे, इतर कोणीही त्याला हात लावू नये. 'इतर कोणीही' याच्यापुढे माझं नाव लिहिलं होतं.

एकदा सांगायचं माझं काम होतं, ते मी केलं. दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. आणखी एक गोष्ट होती. माझ्या हट्टी प्रोग्रामला लाइन तुटणं आणि प्रॉक्सीने नाकारणं यातला फरक कळत नव्हता. दोन्ही वेळी तो परत परत जायचा. तो फरक त्याला शिकवायचं माझ्या मनात होतं. तो मेल वाचल्यावर मी ते मनातून काढून टाकलं. हात लावायचा नव्हता ना!

पासवर्ड ठरावीक काळाने बदलायचाच, हा नियम साहेबानेच काढलेला. आणि चुकीचा पासवर्ड लागोपाठ दिला की खातं लॉक, हाही त्याचाच. मी वाट बघत बसले. वाट बघणं मला जमतं. रोज डबा खाताना मी त्याच्या केबिनकडे बघायचे आणि मला भूक लागायची.

दिवाळी झाली आणि एका सकाळी त्याचा पासवर्ड बदलायची पाळी आली. त्याने बदलला, चहा मागवला. त्याच वेळी सर्व्हर रूममध्ये माझा प्रोग्राम त्याच्या नावाने, त्याच्या जुन्या पासवर्डने प्रॉक्सीच्या दारात गेला. चारशे सात. पुन्हा गेला. चारशे सात. पुन्हा. मी त्याला तसंच शिकवलं होतं. चहा यायच्या आत साहेबाचं खातं लॉक झालं.

त्याला मेल उघडेना, संगणक उघडेना. नेटवर्क प्रमुखाला स्वतःच्याच हाताखालच्या माणसाला सांगावं लागलं, माझं लॉक काढ रे. त्याने काढलं. साहेब वळून केबिनपर्यंत पोचतो तोवर प्रोग्राम पुन्हा दारात. पुन्हा लॉक. दुपारपर्यंत हे इतक्या वेळा झालं की हाताखालचा तो माणूस त्याला येताना बघूनच हात कीबोर्डवर ठेवायचा.

साहेबाच्या डोक्यात काय आलं असेल? कोणीतरी माझा पासवर्ड चोरतंय! त्याने पुन्हा बदलला. मग आम्हा सगळ्यांना बदलायला लावले. आमच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड कुलदैवतावरूनच, पुढे एखादं चिन्ह आणि आकडे. अर्ध्या ऑफिसची एकवीरा, बाकीच्यांचे खंडोबा नि भैरी. हे सगळे देव त्याने एका दुपारी रद्द केले. लोक टेबलावर बसून नवा देव शोधत होते. त्याने कॅमेऱ्याचं जुनं चित्रीकरण बघितलं, पेन ड्राइव्ह जमा करून घेतले, मोबाइल दारात ठेवायला लावले. स्वतः सर्व्हर रूममध्ये बसून स्वतःचं लॉगिन तिथे टाइप केल्याचं त्याला एकदाही आठवलं नाही. शाल अंगावर घेताना जो प्रोग्राम त्याचा होता, तो आत कसा चालतो हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

आणि मला विचारायची सोय त्याने स्वतःच बंद करून ठेवली होती. मी फक्त टायपिंग केलं होतं ना.

प्रोग्राम बंद म्हणजे पास बंद. आम्ही पुन्हा हाताला लागलो. मासळीचे, भाजीचे कंटेनर होते त्यांचे पास मी माझ्या लॉगिनने सगळ्यांच्या आधी काढून दिले. सूड उगवायचा तर माणूस बघून उगवावा, कोळंबीवर नाही. बाकीच्या गाड्या मात्र उभ्या राहिल्या. रोडपालीच्या बाजूने रस्त्यावर रांग लागली.

दुपारी भावाचा फोन आला. मोबाइल दारात ठेवायचा हुकूम होता, पण माझा पदराखाली होता.

"ताय, पास नाय आला अजून. तुजाच प्रोग्राम ना तो?"

"माझा नाही रे. साहेबांचा आहे. दसऱ्याला शाल नाही का मिळाली त्यांना?"

तो हळू आवाजात म्हणाला, "तुला ठाव हाय काय झालाय ते."

"हाय," मी म्हटलं.

"नि तू सांगत नाय."

"नाय." मग म्हटलं, "तुझ्या गाडीत काय आहे? तुला उशीर होत असेल तर तुझा एकट्याचा काढून देते."

"फरशी हाय. फरशी काय नासत नाय." मागे दुसऱ्या ड्रायव्हरांचे आवाज येत होते, स्टोव्ह पेटवल्याचा आवाज येत होता. तो त्यांना काहीतरी म्हणाला आणि ते हसले. मग मला म्हणाला, "आमी हाव इथं. सुकट करतो, भाकऱ्या हायेत. तू धर त्याला. सोडू नको."

त्या वाक्याने मला जे बळ आलं, ते मला नंतर कोणाच्या सत्कारानेही आलं नसतं. अख्खी रांग माझ्या बाजूने बसली होती, आणि केबिनमधल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. चपला न काढता थेट हॉलच्या मध्यभागी उभे राहिले.

"गाड्या का उभ्या हायेत माझ्या?"

साहेब केबिनमधून आला. दोन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती. त्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "शेठ, मूळ कोड हिचा आहे. त्यात हिने काहीतरी घाण करून ठेवलीय."

हीच ती वेळ. मी उठले. म्हटलं, "शेठ, प्रोग्राम माझा असेल तर मी आत्ता चालू करून देते. साहेबांचा असेल तर मला हात लावता येत नाही. त्यांनी तसा मेल केलाय, माझं नाव घालून."

शेठ त्याच्याकडे वळले. "कोनाचा हाय यो प्रोग्राम?"

बाहेर कोणीतरी हॉर्न दिला, लांबलचक. मग तो जमिनीकडे बघून म्हणाला, "तिचा."

"जरा मोठ्याने सांगा ना सर," मी म्हटलं. "मागच्या टेबलांना ऐकू गेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून जपून ठेवली आहे. त्याने ते वाक्य पुन्हा, मोठ्याने, माझं पूर्ण नाव घेऊन म्हटलं. शेठची नजर त्याच्या खांद्यांवर गेली. त्यांना दसऱ्याची शाल आठवत असावी.

मी प्रोग्रामसाठी वेगळं खातं मागितलं. साहेबाचं लॉक असल्यामुळे ते हाताखालच्या माणसाने तयार केलं. मी सर्व्हर रूममध्ये गेले, दार लावलं, साहेबाचं लॉगिन खोडलं, नवं टाकलं, आणि प्रोग्रामला तो राहून गेलेला फरकही शिकवला. लाइन तुटली तर परत जा, नाकारलं तर थांब आणि मला सांग. पास धडाधड निघाले. रस्त्यावर एकामागून एक इंजिनं सुरू झाल्याचं आम्हाला आत ऐकू आलं. मला आनंद झाला. खरा, पोटभर, दुष्ट आनंद झाला आणि मी तो कोणापासून लपवला नाही.

साहेब दारात आला. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं सर."

त्याने 'का होत होतं' असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शपथेवर सांगते, सांगितलं असतं. पण 'का' विचारायचं म्हणजे मला माहीत आहे आणि त्याला नाही हे कबूल करायचं. ते त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने मान हलवली, जणू त्याला कळलंच आहे, आणि गेला. त्याचं खातं पुन्हा लॉक झालं नाही. त्याला वाटलं असेल, चोर पळाला.

पुढे तो तळोज्याकडच्या एका कंपनीत गेला, इथल्यापेक्षा वरच्या जागेवर. निरोपाला पेढे वाटले. मी दोन खाल्ले. शेठनी त्याच्या खुर्चीवर मला बसवलं. इथेच गोष्ट संपली असं मलाही वाटत होतं, पण पोटातली ती घडी काही उलगडली नव्हती. त्याने कबूल केलं होतं खरं, पण गाड्या सुटाव्यात म्हणून. त्याला लाज वाटली असेल, असं मला कधी वाटलं नाही.

आणि गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

आधी तब्येतीची चौकशी, मग शेठची, मग पावसाची. मग म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं होतं." अहो-जाहो ऐकून मी खुर्चीत नीट बसले. "इथे माझं खातं सारखं लॉक होतंय. पासवर्ड बदलला की होतं. तेव्हा तिकडे झालं होतं ना, तसंच. तुम्ही काय केलं होतं?"

मी विचारलं, "सर, तिथे एखादा नवा प्रोग्राम लागलाय का? आपोआप काम करणारा?"

"हो, आम्ही केलाय एक. छान चाललाय."

"कोणी लिहिला?"

"टीमने," तो म्हणाला. "म्हणजे, एक मुलगी आहे, तिने टायपिंग वगैरे केलंय."

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "तिला फोन द्या ना सर. जरा तांत्रिक आहे, तिलाच समजावून सांगते."

फोन तिच्याकडे गेला. "हॅलो मॅडम," ती म्हणाली. आवाज माझ्यासारखाच, पनवेलच्या बाजूचा, जपून बोलणारा. तो तिच्या शेजारीच उभा असणार.

"ऐक," मी म्हटलं. "तुझ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये त्याने स्वतःचं लॉगिन टाकलंय. म्हणून लॉक होतंय. माहीत आहे तुला?"

"हो मॅडम."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, मॅडम."

मला हसू आवरेना. "मग तुला मी काय शिकवणार? एवढंच सांगते. प्रोग्राम तुझा आहे असं त्याला सगळ्यांसमोर, मोठ्याने, तुझं पूर्ण नाव घेऊन म्हणू दे. कानात सांगितलेलं धरू नकोस."

"हो मॅडम, समजलं," ती म्हणाली, आणि फोन बाजूला धरून, कामाच्या आवाजात त्याला म्हणाली, "सर, मॅडमनी सांगितलंय. थोडे दिवस लागतील."